बत्तीस ओव्हनांची दारं

बाईंचा आवाज गेला सकाळी सातला आणि केकचा वर्ग होता दुपारी चारला. आदल्या दिवशी घसा नुसता खवखवत होता. सकाळी उठून त्यांनी नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं, तर तेल न घातलेल्या बिजागरीसारखा एक आवाज आला आणि मग तोही बंद झाला. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि निकाल दिला, "चार दिवस ब्र काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

वर्ग रद्द करावा तर पंचाईत. आजवर बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सहाजणांना बसवून शिकवत. फोनवरून शिकवायचं आणि ज्याने त्याने आपल्या घरी, एकाच वेळी केक करायचा, हा प्रकार पहिल्यांदाच होणार होता. बत्तीसजणांनी नावं दिली होती. बत्तीस घरांत लोणी मऊ व्हायला बाहेर काढून ठेवलेलं होतं. त्यातल्या वकीलबाईंच्या सासूबाईंचा तर त्याच संध्याकाळी पंचाहत्तरावा वाढदिवस होता, आणि "केक मीच करणार," असं वकीलबाई सगळ्या नातेवाइकांना सांगून बसल्या होत्या.

"एवढंच ना? मी बोलतो की!" बाईंचे यजमान म्हणाले. "तू करत जा, मी सांगत जातो."

यजमान धंद्याने घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवण्यात त्यांची हयात गेली. कुठलीही चालती वस्तू दिसली की ती आतून कशी चालते हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हणूनच तीस वर्षांत बाईंनी त्यांना ओट्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. केक त्यांनी पुष्कळ खाल्ला, पण तो होताना एकदाही पाहिला नव्हता. आज इलाज नव्हता. बाईंनी कृतीचे दोन कागद स्वच्छ अक्षरात लिहून त्यांच्या हातात दिले आणि तिसऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'फक्त हेच वाचायचं.'

चार वाजता फोन स्टँडवर बसला. पडद्यावर बत्तीस चौकटी उघडल्या. प्रत्येकीत एक ओटा, एक भांडं आणि एक उत्सुक चेहरा.

"नमस्कार. बाईंचा घसा बसलाय, म्हणून आज आवाज माझा, हात बाईंचे," घड्याळजी म्हणाले. सुरुवात झकास झाली. लोणी आणि साखर फेटायची, हे त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं. बाईंनी बीटर चालू केला. त्याची दोन पाती एकमेकांत गुंतून उलटसुलट फिरायला लागली आणि घड्याळजींचा घात झाला.

"अरे वा! दोन्ही एकमेकांना लागत कशी नाहीत?" असं म्हणत त्यांनी नीट दिसावं म्हणून बाईंचा हात धरून चालू बीटर तसाच वर उचलला.

लोणी-साखर भिंतीवर गेली, घड्याळजींच्या चष्म्यावर गेली आणि बरीचशी कृतीच्या दोन कागदांवर गेली. बाईंनी ते कागद नळाखाली धरले. लोणी निघालं, शाईही निघाली.

"बाई, असंच उडवायचं का?" एका चौकटीतून प्रश्न आला.

"नाही, नाही! तो अपघात होता," घड्याळजी चष्मा पुसत म्हणाले. बाईंनी कपाळाला हात लावला. पुन्हा लिहून काढायला वेळ नव्हता; आता दोघांमध्ये उरल्या होत्या फक्त खाणाखुणा.

पहिली खूण सोपी होती. बाईंनी मिठाची चिमूट धरून दाखवली.

"चिमूटभर मीठ," घड्याळजींनी सांगितलं.

"चिमूट म्हणजे नेमकी केवढी हो, काका?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. ते पहिल्यांदाच केक करत होते आणि सगळं काटेकोर करायची त्यांना खोडच होती.

प्रश्न घड्याळजींच्या मनासारखा होता. "अगं, हलू नकोस," म्हणत त्यांनी खिशातलं बारीक माप काढून बाईंच्या बोटांमधलं अंतर मोजलं. "अडीच मिलिमीटर!"

बत्तीसजणांनी ते लिहून घेतलं. बाईंनी डोळे मिटले.

मग मैदा आला. मैदा घातल्यावर मिश्रण फार घोटायचं नसतं. अलगद खालून वर घ्यायचं आणि थांबायचं. ते सांगायला बाईंनी हवेत एक बोट सावकाश गोल फिरवलं. घड्याळजींनी आयुष्यभर बोट असं एकाच कामासाठी फिरवलेलं पाहिलं होतं.

"चावी द्यायची! म्हणजे, फिरवत राहायचं. उजवीकडे, एका लयीत. घट्ट लागेपर्यंत थांबायचं नाही!"

बाईंनी दोन्ही हात आडवे हलवून 'पुरे, पुरे' केलं.

"आणि भांड्यात सगळीकडे पसरून फिरवा!" घड्याळजींनी पुस्ती जोडली.

बत्तीस घरांत घोटणं सुरू झालं. वकीलबाईंच्या हाताला रग लागली. डॉक्टरांनी हात बदलला. अखेर बाईंनीच आपलं मिश्रण साच्यात ओतून साचा ओव्हनमध्ये सरकवला, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून तेच केलं.

दहा-बारा मिनिटं बरी गेली. घड्याळजी ओव्हनच्या काचेला नाक लावून बसले. काच जुनी, धुरकटलेली. आत पिवळा उजेड आणि एक अंधूक आकार. "वर येतोय वाटतं… की मला भास होतोय? अगं, जरा नीट दिसलं असतं तर…"

नवऱ्याच्या आवाजातली ही ओढ बाईंच्या चांगल्या ओळखीची होती. त्या लगबगीने पुढे आल्या. त्यांनी ओव्हनकडे बोट केलं, दार ओढल्याचा अभिनय केला आणि मग दोन्ही पंजे जोरजोरात हलवले. एखाद्या लहान मुलालाही कळलं असतं की दार उघडू नका, मुळीच उघडू नका.

घड्याळजींचा चेहरा उजळला. "ऐका सगळेजण! आता ओव्हनचं दार उघडायचं आणि आतली वाफ हातांनी अशी बाहेर घालवायची!"

बाई झेप घेईपर्यंत त्यांनी स्वतःचं दार उघडलं होतं. पडद्यावर एकामागून एक दारं उघडत गेली. एकतीस माणसं आपापल्या ओव्हनसमोर उभी राहून मनापासून पंजे हलवत होती. बत्तिसाव्या चौकटीत पोस्टातल्या बाई ओरडत होत्या, "काका, माझं दार उघडेना! मूठच हातात आली!"

"थांबा, तुमचं नंतर बघतो," घड्याळजी म्हणाले आणि आत वाकले. सोनेरी, गुबगुबीत केक त्यांच्याकडे बघत होता. मग त्यांच्या देखत त्याने एक उसासा सोडला आणि मधोमध बसला.

"माझा खाली गेला!" "माझाही!" "काका, हे असंच असतं का?"

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. तिला बोलता येत नव्हतं, पण या एका नजरेचा अर्थ त्यांनी अचूक लावला.

"नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "असं नसतं. दार उघडायचं नव्हतं. ती उघडू नका सांगत होती, मी उलटं सांगितलं. चूक सगळी माझी आहे."

मग वकीलबाईंचा आवाज आला, रडवेला. "काका, सातला तीस माणसं येणार आहेत हो माझ्याकडे. आता सासूबाईंना काय दाखवू? हा खड्डा?"

"तरी मला वाटलंच होतं की बाई नको म्हणताहेत," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही इतकं ठासून सांगितलंत की म्हटलं, नवी पद्धत असेल."

घड्याळजींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ते फोन बंद करायला पुढे झाले, तेवढ्यात पोस्टातल्या बाईंच्या लक्षात आलं. "अहो, माझा नाही बसला! काचेतून दिसतोय, टम्म आहे!"

घड्याळजींचा हात हवेतच थांबला. एकतीस बसले, एक फुगलेला. बंद पडलेली घड्याळं आणि त्यांत एक चालू, फरक शोधायचा. "दार आणखी कोणी उघडलं नव्हतं?" कोणीच नाही. "बरं, सगळ्यांत उशिरा कोणी उघडलं?"

"मी," डॉक्टर म्हणाले. "आणि बोटभरच उघडलं. गरजेपेक्षा जास्त तोंड उघडायला लावायचं नाही, ही सवयच आहे माझी."

"खड्डा केवढा?"

डॉक्टरांनी पट्टी लावली. "अर्धा सेंटिमीटर."

"आणि वकीलबाई, तुमचा?"

"तीन!" वकीलबाई नाक पुसत म्हणाल्या. "मी सगळ्यांत आधी उघडलं आणि खूप वेळ वाफ घालवली."

मग एकेक चौकट बोलू लागली. कोणी पट्टी आणली, कोणी शिवणाची फीत. कोणी कधी उघडलं, किती उघडलं, किती बसला. रडवेला सूर कधी गेला ते कळलंच नाही. बाई स्टुलावर बसून पेन्सिलीने एकेक आकडा टिपत होत्या. ओव्हनचं दार मध्येच उघडायचं नाही, हे त्यांना त्यांच्या शिक्षिकेने सांगितलं होतं, आणि त्या वर्षानुवर्षं तेच पुढे सांगत आल्या होत्या. त्यांनी ओट्यावर सांडलेल्या मैद्यात बोटाने लिहिलं : 'का?'

घड्याळजींनी आपला बसलेला केक मधोमध कापला, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ पाहिलं. "कडेला भिंती उभ्या राहिल्यात, मध्ये अजून ओल्या आहेत. घर बांधून व्हायच्या आत गार वारा शिरला की छप्पर खाली येणारच. तुझं बरोबर आहे गं."

बाईंनी मान डोलावली. मग त्या उठल्या, आपला तो कापलेला केक जुळवून त्यांनी पुन्हा आत ठेवला आणि सगळ्यांना ठेवायला लावला. पुरा भाजून निवल्यावर त्यांनी खड्ड्यात घट्ट साय भरली आणि वर साखरेत शिजवलेली फळं रचली. घड्याळजी समजावून सांगायला पुढे सरसावले.

"काका, जरा बाजूला होता का?" डॉक्टर म्हणाले. "बाईंचे हात दिसत नाहीत."

घड्याळजी मुकाट्याने बाजूला झाले आणि दुसऱ्या फोनवरून पोस्टातल्या बाईंना निखळलेली मूठ बसवायला पेचकस कुठे घालायचा ते सांगत बसले.

साडेआठला वकीलबाईंचा निरोप आला. केक घोटून घोटून चिवट झाला होता, पण साय आणि फळांनी तो दोष पोटात घातला होता. सासूबाईंनी दोनदा मागून घेतला आणि शेवटी सुनेला कोपऱ्यात नेऊन विचारलं होतं, "एवढा छान खळगा पाडलास कसा गं? माझा मेला नेहमी वरच येतो."

पुढच्या वर्गाला बाईंचा आवाज पूर्ववत झाला होता. घड्याळजी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, हात मांडीवर ठेवून, तोंडाला कुलूप लावून बसले. बाईंनी शिस्तीत वर्ग सुरू केला. लोणी इतकं, मैदा इतका, साखर एक वाटी. बत्तीसजण मुकाट्याने लिहून घेत होते. साखरेची वाटी बाईंनी भांड्यावर धरली आणि त्या थांबल्या.

"मी काय म्हणते," त्या हळूच म्हणाल्या. "आज ही अर्धीच घालू या. आणि ओव्हन थोडा जास्त तापवू या. बघू तरी काय होतं ते."

बत्तीस चेहरे फोनला येऊन चिकटले. दारातले घड्याळजी मात्र खुर्चीवरून ताडकन उठले.

"अगं, काहीतरीच काय!" ते कळवळून म्हणाले. "बिघडेल ना तो!"