मर्ल साठ्यात जमा होतो

नोव्हेंबरातल्या एका सकाळी ग्लेंडा प्रुइटनं नवऱ्याला काखोटीला मारलं आणि ती गोदामावर कामाला निघाली. नवऱ्याचं नाव मर्ल. तो जाऊन चौदा महिने झाले होते आणि हल्ली त्याचा मुक्काम पॉपकॉर्नच्या पत्र्याच्या डब्यात असे. अंत्यविधीवाल्यांनी दिलेला चिनी मातीचा कलश घरगाडीच्या पहिल्याच खड्ड्यात फुटला. चाकांवरच्या घरात चिनी माती टिकत नाही, हे मर्ल जिवंतपणी शंभरदा सांगायचा. शेवटी मेल्यावर त्यानं ते सिद्ध करून दाखवलं. रक्षा जाड प्लास्टिकच्या पिशवीत होती म्हणून निभावलं. ग्लेंडानं पिशवी उचलली आणि हाताला लागला त्या डब्यात ठेवली. डब्यावर लाल मफलर गुंडाळलेला बर्फाचा बाहुला होता आणि तो चोवीस तास हसत असे. मर्ल फारसा हसणाऱ्यांतला नव्हता, पण आता तक्रार करायला तो उरला कुठं होता?

एरवी मर्ल घरीच असायचा, ड्रायव्हरच्या सीटवरच्या कपाटात. पण त्या दिवशी घरगाडीचा हीटर बंद पडला आणि मेकॅनिक अख्खं घरच साखळीला बांधून दिवसभरासाठी गावात घेऊन गेला. मेकॅनिकच्या हाती गाडी द्यावी, पण गाडीत मोलाचं काही ठेवू नये, अशी मर्लची शिकवण होती. ग्लेंडाला मोलाचं म्हणजे एवढंच उरलं होतं. तिनं डबा उचलला.

केंटकीतल्या त्या गोदामात दर हिवाळ्याला अशी माणसं गोळा होत. घर विकलेली, घर गेलेली, सगळी साठी-सत्तरीची. रस्त्यापलीकडच्या हिकरी बेंड तळावर घरगाड्या लावायच्या आणि नाताळच्या खरेदीचा माल फळ्यांवर चढवायचा आणि उतरवायचा. तेवीस डिसेंबरला काम संपे. चोवीसला तळाचं पाणी तोडत, म्हणजे कुणाचा पाय रेंगाळायला नको.

कामावरचं कपाट एवढंएवढंसं, डबा काही त्यात मावेना. ग्लेंडानं तो आपल्या ढकलगाडीच्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि दहाच्या सुमाराला ती संडासाला गेली. त्या गोदामात संडासाला जाऊन यायला अकरा मिनिटं लागत. परतली तेव्हा गाडी धुऊन पुसल्यासारखी रिकामी होती आणि शेजारी युजीन उभा होता. युजीन हा नेब्रास्कातल्या शाळेचा निवृत्त हेडमास्तर. कामाला लागून त्याला जेमतेम चार दिवस झाले होते, आणि तो अजून दमायला लागला नव्हता.

"तू मागं पडली होतीस ना, म्हणून तुझी गाडी उरकून टाकली," तो म्हणाला. "आभार वगैरे नकोत."

"खाली एक डबा होता. बर्फाच्या बाहुल्याचा."

"एकच? अगं, आज सकाळपासून सातशे आलेत तसले. सगळ्यांनी मिळून लावले."

"युजीन, तो माझा होता."

"बुडाला बारकोड होता. मी स्कॅन केला, मशीननं घेतला. मशीननं घेतला म्हणजे तो आता तुझा नाही."

युजीन दुष्ट नव्हता. त्यानं आयुष्यभर मुलांना नियम शिकवले होते, एवढाच त्याचा दोष. आणि गोदामाची रीत अशी, की सारखा माल एका जागी ठेवायचाच नाही. जिथं खण रिकामा दिसेल तिथं कोंबायचा. लक्षात ठेवायचं काम मशीनचं. त्यामुळे पॉपकॉर्नचा एक डबा हातोड्यांशेजारी, दुसरा लहान मुलांच्या मोज्यांत, तिसरा तीन मजले वर. पॉपकॉर्न कुठं कुठं आहे हे मशीनला तोंडपाठ होतं. त्यातला मर्ल कुठला, हे काही त्याला सांगता येईना.

ग्लेंडा सुपरवायझरकडे गेली. हॉलिस नावाचा हा गृहस्थ दर रविवारी चर्चला जाणारा, पापभीरू. डब्यात काय होतं हे ऐकून त्यानं आधी टोपी काढली, क्षणभर मान खाली घातली आणि मग मशीनच्या पडद्याकडे पाहिलं.

"मिसेस प्रुइट, खरेदी सातशे डब्यांची होती. साठ्यात सातशे एक दिसतायत."

"तो वरचा एक म्हणजे माझा नवरा."

"ते मला पटतंय हो. पण मशीनला पटत नाही ना."

कुणी कुठला डबा कुठल्या खणात ठेवला याची नोंद मुख्य कचेरीत निघू शकेल, असं त्यानं सांगितलं. अर्ज करायचा आणि पंधरा दिवस थांबायचं. अर्ज गेला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत आणि पॉपकॉर्न आवडले नसल्यास ते तीस दिवसांत परत करता येतील. स्वतः हिंडून खण धुंडाळावेत तर तीही सोय नव्हती. दोन मिनिटं हातातला स्कॅनर वाजला नाही की तो थरथरायला लागे, आणि तिसऱ्या मिनिटाला हॉलिसला येऊन उभं राहावं लागे. बिचारा टोपी काढूनच यायचा.

तळावरच्या धुण्याच्या खोलीत बैठक भरली. डेल्बर्ट हा मिशिगनचा जुना बसड्रायव्हर, दोन्ही गुडघ्यांनी अधू, ग्लेंडाचा शेजारी. गोदामात तो गिऱ्हाइकांचा माल खणांतून काढायच्या कामावर होता. तोडगा त्यानंच काढला. पॉपकॉर्नचा डबा भरतो दोन पौंडांच्या आत; मर्ल सहाच्या वर. सगळ्यांनी आपापल्या नावानं डबे मागवायचे. प्रत्येक मागणीला आपल्यापैकीच कुणीतरी कुठलातरी डबा खणातून उचलणार. ज्याच्या हाताला जड लागला, त्याला मर्ल सापडला. उपाय इतका सरळ होता, की त्यातून भलतंच काही निघेल असं कुणाला वाटलं नाही.

पहिले बारा डबे दक्षिण डकोटाला गेले. चाकांवर राहणाऱ्यांना कायद्यानं कुठलातरी पत्ता लागतो, आणि या सगळ्यांचा पत्ता म्हणजे तिथल्या एका दुकानातली टपालपेटी. तिथं आयुष्यात एकदाही पाऊल न टाकलेल्या बारा जणांच्या नावे बारा बाहुले तिथं जाऊन हसत बसले. मग तळाच्या कचेरीचा पत्ता दिला. आता डबे यायला लागले ते थांबेचनात. एका घराला तीनच, असा नियम होता. पण घरगाड्या साठ होत्या. लोकांनी सुपात पॉपकॉर्न घातले. थँक्सगिव्हिंगच्या टर्कीच्या पोटात पाव भरायचा तर तिथंही पॉपकॉर्नच भरले. डेल्बर्टची दाढ तुटली. आलेल्या प्रत्येक डब्यातून ग्लेंडा मूठभर खायची, कारण लोकांनी तिच्यासाठी मागवले होते आणि नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

जड डबा काही हाती लागला नाही. पण मशीनच्या मात्र लक्षात आलं, की बर्फाच्या बाहुल्याला एकाएकी प्रचंड मागणी आली आहे. मशीन हुशार होतं. त्यानं कुणाला न विचारता आणखी दोन ट्रक मागवले. मर्ल सातशेंत एक होता तो आता पंधराशेंत एक झाला, आणि त्या ट्रकांतला निम्मा माल ग्लेंडालाच खणांत लावावा लागला. हसते बाहुले एकेक करून ती ठेवत होती आणि कितवा तरी ठेवताना तिला वाटलं, आपण नवऱ्याला शोधत नसून पुरत आहोत.

एव्हाना हीटर दुरुस्त होऊन आला होता आणि घरगाडीत छान ऊब असे. त्या उबेचाच तिला राग यायचा. वरच्या कपाटाचं दार वळणावर आपोआप उघडे म्हणून मर्लनं त्याला दोरी बांधली होती; आता आत काही नसताना ती रोज दोरी बांधायची. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात त्यानं तिला विचारलं होतं, "मला ठेवशील कुठं? आपल्याला घर तर नाही." ती म्हणाली होती, "जिथं मी तिथं तू." चाळीस वर्षांच्या संसारात तिनं पुष्कळ शब्द दिले होते आणि त्यातले बरेच मोडले होते. हा मोडायचा नव्हता. एक जानेवारीपासून तिला ॲरिझोनात एका तळावर राखणदारीचं काम लागलं होतं. मर्लला इथं टाकून ती तिकडं कशी जाणार होती? हॉलिसला तिनं जानेवारीपर्यंत ठेवून घ्यायला विनवलं. हंगामी माणसांना तेवीसनंतर फाटक उघडत नाही, असं तो म्हणाला, टोपी हातात घेऊनच.

तेवीस तारीख उजाडली. नाताळला आता काही पोचण्यासारखं नव्हतं, त्यामुळे मागण्याही आटल्या. दुपारी अडीचला ग्लेंडा अंगणातले दिवे की काय ते फळीवर लावत होती आणि समोरून डेल्बर्ट येताना दिसला. गोदामात पळायला बंदी होती आणि तसंही त्याला पळता येत नव्हतं. तो जमेल तेवढं झपझप चालत होता, दोन्ही हातांत डबा, टोपी काखेत.

"ग्लेंडा," तो म्हणाला, "हा जड आहे."

आयोवातल्या कुणा बाईनं उशिरा का होईना, एक डबा मागवला होता. डेल्बर्टनं तिच्यासाठी पलीकडच्या खणातला दुसरा पाठवला होता. मर्ल तळमजल्यावरच होता, कुत्र्यांच्या स्वेटरांच्या मागं. ग्लेंडानं डबा हातात घेतला आणि छातीशी धरला.

पण गोष्ट एवढ्यावर संपती तर हॉलिस कशाला होता? दोघं त्याच्याकडे गेले. त्याला मनापासून आनंद झाला, आणि त्यानंतर लगेच त्याचा चेहरा पडला. साठ्यातला माल दोनच वाटांनी बाहेर पडतो, त्यानं समजावून सांगितलं: विकून, नाहीतर मोडीत काढून. विकत घेतला तर डबा येणार अठ्ठावीसला, आणि तेव्हा तळावर चिटपाखरू नसणार. मोडीत काढायचा म्हणजे मागच्या अंगणातलं चेपायचं यंत्र.

"मिसेस प्रुइट, मी वर फोन करून विचारतो," तो म्हणाला. "तुम्ही डबा धरून बसा. माझ्याच्यानं यातलं एकही होणार नाही."

तो गेला. डबा मांडीवर घेऊन ग्लेंडा बसली आणि बाहुल्याकडे पाहत राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पाच आठवडे सगळा तळ डबा शोधत होता. डबा हवा होता कुणाला? बारकोड डब्याला होता, मर्लला नव्हता. तिनं झाकण काढलं, पिशवी बाहेर घेतली, झाकण पुन्हा नीट बसवलं आणि रिकामा डबा हॉलिसच्या टेबलावर ठेवला. गोदामाचा माल गोदामाला पोचला.

सुटीच्या वेळी फाटकाशी दोनशे माणसांची रांग होती. शेवटचा दिवस, ज्याला त्याला पुढं जायची घाई. आत येताना कोण काय आणतो हे कुणी बघत नसे, बाहेर जाताना मात्र वांडा बघायची. वांडा ही पहारेकरीण, धिप्पाड, उंच स्टुलावर बसून काम करणारी. तिला उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिचा नियम एकच. जे आपल्याकडे विकायला असतं त्याची पावती दाखवायची, नाहीतर ते तिथंच ठेवायचं. मागल्या आठवड्यात डेल्बर्टचा चष्मा तिनं दोन दिवस ठेवून घेतला होता.

"हे काय आहे?" वांडानं पिशवी वर धरली.

"माझा नवरा."

वांडानं तिच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. पाच आठवडे पॉपकॉर्न खाणाऱ्या लोकांची कुणकुण तिच्याही कानावर आली असणार. तिनं पिशवी हळूच खाली ठेवली, जशी ती एरवी काहीच ठेवत नसे.

"बघावं तर लागेल गं मला," ती म्हणाली, आणि तिनं मशीनवर 'राख' असं लिहिलं. मशीननं क्षणात काढून दिलं: लाकडाची राख, गुलाबांसाठी उत्तम, पाच पौंडांची पिशवी. "आहे आपल्याकडे. साडेचार तारे मिळालेत."

"मर्लला एवढे कुणी दिले नसते," ग्लेंडा म्हणाली.

"पावती आहे?"

पावती नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, आवरा लवकर. ग्लेंडानं पिशवीचं तोंड उघडलं, दोन बोटं आत घातली आणि पत्र्याचा वाटोळा बिल्ला काढला. भट्टीत प्रत्येकाबरोबर असा नंबराचा बिल्ला ठेवतात, म्हणजे एकाची राख दुसऱ्याच्या घरी जायला नको. तिनं तो कोटाला पुसून वांडापुढं धरला. वांडानं नंबर वाचला आणि एकेक आकडा सावकाश मशीनवर टाकला. पडदा तांबडा झाला: या क्रमांकाची वस्तू आपल्याकडे नाही.

त्या मशीननं ग्लेंडाला पाच आठवडे छळलं होतं. आता तिनं वांडाला पडदा आपल्याकडे वळवायला लावला, चष्मा नीट केला आणि ते वाक्य दोनदा वाचलं. मग तिला रडू फुटलं. मागं कुजबुज झाली. डेल्बर्ट कुणाला तरी काहीतरी सांगत होता आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे जात होतं. ते रांगेच्या टोकापर्यंत पोचलं. ओहायोत मर्लच्या अंत्यविधीला सात माणसं होती, त्यातली दोन तिथली पगारी.

केंटकीत मयत चालली असली की रस्त्यावरची गाडी कडेला घेऊन थांबतात. कुणाची मयत, हे कुणी विचारत नाही. वांडा स्टुलावरून उतरली. तिनं आडवा दांडा वर केला आणि पिशवी स्वतःच्या हातानं ग्लेंडाला दिली.

"जा," ती म्हणाली. "सावकाश जा. मागचे थांबतील."

मागचे दोनशे जण खरंच थांबले, आणि शेवटाला उभ्या असलेल्या युजीननं आधी सगळ्यांना एका ओळीत उभं केलं.