अक्रोड होता तिथून डावीकडे

साडेदहाला नगरपालिकेचा फोन वाजला तेव्हा नगराध्यक्ष ल्युबिशा आरशासमोर भुवया विंचरत होता. काचेच्या नव्या इमारतीची फीत कापायला बेलग्रेडहून बांधकाममंत्री निघाले होते. अंगणात कोकरू सळईवर फिरत होतं, आणि बँडवाले वाजवायच्या आधीच रकिया दारूचे पेले हुंगत होते.

"स्तोयांकाबाई, मंत्र्यांचा ड्रायव्हर असेल. रस्ता नीट सांगा. चुकलात तर उद्यापासून स्मशानाच्या कचेरीत."

स्तोयांकाबाई एकतीस वर्षं खिडकीजवळ बसून नगरपालिकेचा फोन घेत आल्या होत्या. जुन्या इमारतीतून त्यांनी हट्टानं एकच वस्तू आणली होती, आपली खुर्ची. स्मशानाच्या कचेरीला खिडकी नव्हती, आणि तिथे येणारी माणसं फारशी गप्पिष्टही नव्हती.

फोनमधल्या नकाशाचा उपयोग नव्हता. ल्युबिशानं रस्त्याचं नाव चौथ्यांदा बदलल्यापासून तो नकाशा पाहुण्यांना थेट कोबीच्या शेतात नेऊन सोडी.

"ऐका दादा," स्तोयांकाबाई म्हणाल्या, "स्टेशनपासून सरळ. अक्रोड होता तिथून डावीकडे. कोस्ताची खानावळ जळली तिथून खाली. मग थिएटर लागेल..."

"रस्त्यावरून दिसतं का ते?"

"दिसेल कसं? पाडलं ना."

पलीकडे ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. "ताई, असलेलं काहीतरी सांगा ना."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. असलेलं काय सांगावं? "पार्किंग आहे बघा एक."

"आम्ही पार्किंगमध्येच उभे आहोत."

"मग ते दुसरं असेल," बाई म्हणाल्या, आणि फोन कटला.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. वर्बिना गावात सगळे असाच रस्ता सांगतात. अक्रोड गेला, पण त्याची सावली तोडायची राहून गेली. भर उन्हाळ्यात बायका अजून रस्ता ओलांडून त्या नसलेल्या सावलीतून बाजाराला जातात, आणि एखादी तर तिथे क्षणभर पिशवी टेकवून घामही पुसते.

बारा वाजले. एक वाजला. कोकरू वाळून चामडं झालं, आणि बँडमधला कर्णेवाला ढोलावर डोकं ठेवून झोपला.

"काय सांगितलंत त्याला?" ल्युबिशा ओरडला.

"गाव सांगतं तेच, साहेब."

"बास. खुर्ची बाहेर काढा हिची."

शिपायानं खुर्ची व्हरांड्यात नेऊन ठेवली. बाईंनी चष्मा उचलला, जिरेनियमची कुंडी काखेत मारली, आणि बदलीचा कागद टंकून व्हायची वाट बघत भिंतीशी उभ्या राहिल्या.

दीडला गाडी आली. पुढच्या सीटवर म्हातारा विदोये बसला होता, गावचा निवृत्त पोस्टमन. त्याला पाहताच ल्युबिशाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. विदोयेची प्लमची बाग ल्युबिशानंच रस्त्याखाली घातली होती.

"आजोबा भेटले म्हणून पोचलो," मंत्री म्हणाले. "सगळं गाव दाखवलं त्यांनी."

"सगळं म्हणजे?"

"जे नाही ते सगळं," विदोये उतरत म्हणाला. "अक्रोड नाही तो दाखवला, आणि कुणी तोडला तेही सांगितलं. थिएटर नाही ते दाखवलं, तुझ्या मेव्हण्याच्या दुकानात उभं राहून. माझी प्लमची झाडं दाखवली. तिथे मात्र साहेबांना खाली उतरवलं मी. म्हटलं, झाडं टायरखाली नकोत यायला."

मंत्र्यांनी काचेच्या इमारतीकडे पाहिलं. तिच्यात पार्किंगचं प्रतिबिंब पडलं होतं, त्यामुळे ते दुप्पट मोठं दिसत होतं.

"किती वर्षांत पाडलंत हे सगळं?"

"आठ," ल्युबिशा पुटपुटला. शर्टाची कॉलर भिजून मानेला चिकटली होती.

"फक्त आठ?" मंत्र्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्याकडे प्राचीन वास्तू जतन करायचं एक खातं आहे. तिथे कामं फार तुंबतात हो. रस्ता काढावा तर मध्ये एक भिंत उभी, आणि त्या भिंतीवर जीव लावून बसलेला एखादा अधिकारी. मला तुमच्यासारखा प्रमुख हवाय. सोमवारी या."

ल्युबिशा सोमवारची वाट न बघता शुक्रवारीच गेला. आनंदाच्या भरात बदलीच्या कागदावर सही करायची राहिली. विदोयेनं खुर्ची उचलून परत खिडकीपाशी ठेवली आणि म्हणाला, "या गावात पहिल्यांदाच काही जागेवर परत आलं."

मंगळवारी फोन वाजला. बेलग्रेडहून नेमलेला नवा प्रभारी रस्ता विचारत होता.

"सोपं आहे साहेब. अक्रोड होता तिथून डावीकडे, थिएटर होतं तिथून पुढे. मग ल्युबिशा होता ना, तिथेच."

"बाई, असलेलं काही नाही का तुमच्या गावात?"

स्तोयांकाबाईंनी कुंडी जरा बाजूला केली आणि खुर्ची काचेजवळ सरकवली.

"मी आहे," त्या म्हणाल्या. "खिडकीत दिसेन."