वॉर्मरची ओटी

यंत्राची ओटी भरणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. आमचे बबनभाऊ. बायकांचं काम, तेही हा बाप्या करणार!

आमचा कारखाना नवलाख उंबरे गावाजवळ. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारे वॉर्मर आम्ही बनवतो. मी निर्यातीचे कागद करते, बबनभाऊ पॅकिंग बघतात. जवळच्याच औंढे गावातून कंपनीच्या बसने येतात आणि हल्ली आल्या आल्या मला विचारतात, "ताई, आपली वकिलात काय म्हनती?" जशी काही वकिलात म्हणजे यांची चुलतबहीण!

त्याला कारण झालं आफ्रिकेतलं एक प्रदर्शन. आमच्यासारख्या चिल्लर कारखान्याला तिथे कोण विचारतो? पण सरकारने खर्च उचलला, तिथल्या आपल्या वकिलातीने गाळा मांडला, दवाखानेवाल्यांना बोलावून आणलं आणि आम्हाला आफ्रिकेची पहिली ऑर्डर मिळाली. साहेबांनी चहाच्या वेळी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. बबनभाऊ मात्र गंभीर.

"सरकारी पैका म्हंजी आपलाच की. मी बिडीला काडेपेटी घेतो, तिच्यावर कर भरतो. त्या गाळ्यात माजी बी काडेपेटी हाय!"

झालं! पॅकिंगमध्ये कुणाची धडगत राहिली नाही. चिकटपट्टी जरा तिरकी लागली की, "काड ती. माजी काडेपेटी हाय त्यात." माझ्या कागदावर खाडाखोड दिसली तर मलाही तेच. अस्सा राग यायचा!

पहिली खेप गेली आणि थेट तिथल्या बंदरावर अडकली. प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यात एकेक पुरचुंडी सापडली होती: मूठभर इंद्रायणी तांदूळ, हळकुंड, सुपारी. बाहेरचं धान्य म्हणजे किडीची भीती, म्हणून त्यांनी सगळा माल रोखला. साहेब लालबुंद. ऑर्डर हातची गेली तर निम्मं पॅकिंग घरी बसणार होतं, आणि बबनभाऊ सगळ्यांत आधी.

मी तणतणत गेले. "भाऊ, अक्कल गहाण टाकलीत का? यंत्रात तांदूळ?"

"यंत्रात न्हाई ताई, पेटीत," ते खाली मान घालून म्हणाले. "लेक सासरी निघाली, तर मोकळ्या वटीनं कशी धाडायची? मंडळीनं बांधून दिलं."

कपाळ माझं! जसं घडलं तसं मी वकिलातीतल्या व्यापार बघणाऱ्या बाईंना कळवून टाकलं. त्या स्वतः बंदरावर गेल्या, तिथल्या लोकांना आपली रीत समजावली, पुरचुंड्या त्यांच्यासमोर जाळायला लावल्या. माल सुटला. मला फोनवर म्हणाल्या, "त्यांना सांगा, पुन्हा धान्य नको. ओटी आम्ही इथे भरू." मला वाटलं, थट्टा करताहेत.

परवा त्यांच्याकडून दोन फोटो आले. एकात दवाखान्याच्या दाराशी आमची बंद पेटी, आणि तिच्यावर तिथल्याच बाजारातले तांदूळ नि नारळ. दुसऱ्यात वॉर्मरखाली गाढ झोपलेली एक मुलगी, ओंजळीत मावेल एवढीशी.

मी मोबाइल घेऊन पॅकिंगमध्ये गेले. आता काडेपेटीचं भाषण ऐकावं लागणार, अशी तयारी ठेवली होती. बबनभाऊंनी पहिला फोटो बघून नुसती मान हलवली. दुसरा बोटांनी मोठा केला आणि बघतच राहिले.

"आमची बी येवडीच हुती," ते म्हणाले. "तवा हितं असलं काय न्हवतं. मंडळीनं पोटाशी धरून ऊब दिली. दोनच दिस लाभली."

इतकी वर्षं शेजारी काम करून मला हे ठाऊक नव्हतं. पुरचुंड्यांवरून मी या माणसाला किती बोलले होते! माझी मलाच लाज वाटली.

मोबाइल काही त्यांच्या हातून सुटेना.

"ताई, ह्यो फोटू मला धाडता का? घरी गेलो की मंडळी रोज इच्यारती, वकिलात काय म्हनती? आज सांगतो तिला, लेक सुकरूप पोचली."