फुल्लवर किती?

आमच्या शेजारच्या दयारामभाऊंनी मला किलोमीटरमध्ये मोजलेलं आहे. मी सहा किलोमीटरचा. माझी बायको चार किलोमीटरची, आणि ही गोष्ट ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. म्हणजे असं, की भाऊंच्या इलेक्ट्रिक गाडीत मी बसलो, तर पूर्ण चार्जवर ती जेवढी धावली असती त्यातले सहा किलोमीटर मी नुसता बसल्याबसल्या खातो. शाळेत इतकी वर्षं मास्तरकी केली, पण इतकं रोखठोक मूल्यमापन माझ्या हेडमास्तरांनीही कधी केलं नव्हतं.

भाऊ गडचिरोलीत जन्मभर सरकारी बसवर ड्रायव्हर होते. डिझेल वाचवण्यात त्यांचा हात धरणारा डेपोत कोणी नव्हता. वहिनी गेल्या, मुलगा नोकरीसाठी हैदराबादला गेला, आणि निवृत्तीनंतर भाऊंनी नागपूरच्या एका डॉक्टरची वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. सगळी काटकसर मग डिझेलवरून विजेवर आली. रोज सकाळी मी दात घासत अंगणात येतो तेव्हा कंपाउंडपलीकडून हाक येते, "सर, फुल्लवर दोनशे एकेचाळीस!" लोक आपलं बीपी सांगतात त्या सुरात. आकडा कालचाच असला तर भाऊ पोहे करून आम्हालाही देतात. एकानं जरी घसरला तरी त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरातून भांड्यांची आदळआपट ऐकू येते.

गाडी हलकी व्हावी म्हणून त्यांनी आधी पायपोस काढले, मग मागची फळी काढली. डॅशबोर्डवरचा पितळी गणपती घरात गेला आणि त्याच्या जागी गणपतीचं स्टिकर आलं. "देव तोच आहे, सर. वजन नाई." गाडी ते अनवाणी चालवतात, कारण चपलेतून पेडल समजत नाही. आणि एसी? आमच्याकडचा मे महिना ज्यानं पाहिला नसेल त्याला मी काय सांगू! एकदा मी घामानं निथळत नुसता बटणाकडे हात नेला, तर भाऊ बस आडवी गेल्यासारखे ओरडले, "वीस किलोमीटर! तेवढ्यात माणूस सावलीले पोचते!" आणि ओला दुपट्टा माझ्या डोक्यावर टाकला.

सूरजागडहून लोखंडाचा दगड घेऊन येणाऱ्या ट्रकांना आमच्या जिल्ह्यातला प्रत्येक माणूस शिव्या देतो. रस्ता फोडतात, धूळ उडवतात, मैलभर पुढं जाऊ देत नाहीत. त्या ट्रकांना दुवा देणारा एकच माणूस मी पाहिला आहे. असा ट्रक पुढं आला की भाऊंच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. ते अंतर राखून मागं लागतात आणि ओव्हरटेक करणाऱ्या मोटारींकडे कीव करत बघतात. "जाऊ द्या त्याईले. आपल्याले हवा कापा लागत नाई, एवढं ध्यानात ठेवा."

पण रस्त्यानं मोहफुलांचं टोपलं घेतलेली एखादी म्हातारी दिसली की हाच माणूस ब्रेक लावतो. ब्रेक म्हणजे त्यांच्या हिशेबी वाया गेलेला जीव. म्हातारी पुढच्या सीटवर, टोपलं माझ्या मांडीवर. मी एकदा चिडून विचारलं, "भाऊ, ही किती किलोमीटरची?" ते म्हणाले, "पायी गेली असती तं तिचे किती गेले असते, ते मोजा ना, सर." मला हा माणूस आवडतो, सरळच सांगतो.

आता हा सगळा आटापिटा कशासाठी, तर आलापल्लीसाठी. आलापल्लीला भाऊंची थोरली बहीण राहते, सुभद्राबाई. आई लहानपणीच गेली, तेव्हा बाईंनीच भाऊंना वाढवलं. आता बाईही एकट्या आहेत. गाडी घेतली त्या आठवड्यात भाऊ ती दाखवायला गेले, आणि मोठ्या ऐटीत स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर घालून चार्जिंगला लावली. घराची जुनी वायरिंग जळाली, आणि बाईंचा फ्रीज बंद पडला तो कायमचाच. बाई कडाडल्या, "माझा फ्रीज खाल्ला तुह्या गाडीनं! एवढी भुकेली गाडी काऊन आणली रे?" गाडीचा अपमान भाऊंना सहन होईना. "तुह्या घरच्या लाईनीले पुन्हा वायर लावीन तं नावाचा दयाराम नाई!" दोघंही एकाच आईची लेकरं. शब्द मागं घेणं कोणालाच ठाऊक नाही.

तेव्हापासून भाऊ महिन्यातून दोनदा आलापल्लीला जात, पण त्याच चार्जवर परत येत. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर. वाटेत एक चार्जर आहे, त्यावर कायम पोतं पांघरलेलं असतं. बहिणीच्या ओसरीत तासभर बसायचं, नव्या तांदळाची थैली ठेवायची, चहा प्यायचा आणि उन्हं कलायच्या आत निघायचं. बाई "राहा" म्हणत नसत, भाऊ "राहतो" म्हणत नसत. फुल्लवरचा आकडा सव्वादोनशेच्या वर आहे तोवर भावाला बहीण होती, एवढा सरळ हिशेब होता.

आणि तो आकडा घसरत चालला होता. दोनशे छत्तीस. दोनशे एकतीस. भाऊ नागपूरला गाडी दाखवून आले. तिथला पोरगा म्हणाला म्हणे, "काका, बॅटरी जुनी झाली की थोडं कमी होणारच. आणि तो आकडा अंदाज असतो." भाऊ आठवडाभर धुमसत होते. "अंदाज? मी अंदाजानं आलापल्लीच्या जंगलात जाऊ काय?"

एका सकाळी कंपाउंडपलीकडून हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मीच विचारलं, तेव्हा ते गाडीवर हात ठेवून म्हणाले, "दोनशे अठरा." एवढंच. त्या महिन्यात ते आलापल्लीला गेले नाहीत, पुढच्याही महिन्यात नाहीत. मी म्हटलं, "बसनं जा." तर माझ्याकडे असं पाहिलं, की मीच शरमलो. "मी मांगच्या सीटवर बसू? माह्याच रस्त्यावर?"

मग एका संध्याकाळी मला आलापल्लीहून फोन आला. सुभद्राबाईंनी ख्यालीखुशाली विचारली नाही, पाऊसपाणी विचारलं नाही. "सर, त्याचं फुल्लवर किती येते आता?" मी आकडा सांगितला.

"मंग जमत नाई त्याले," बाई म्हणाल्या. "त्याले म्हणा, इकडं ये. वापस जायचं मी पाहतो."

पुढच्या रविवारी मी माझे सहा किलोमीटर घेऊन भाऊंच्या शेजारी बसलो. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत दोन ट्रक मिळाले, तरी ते खूश झाले नाहीत. आलापल्लीत पोचलो तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ओसरीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं एक नवं मीटर होतं, खाली जाड वायर आणि मोठा सॉकेट, पाऊस लागू नये म्हणून वरून प्लास्टिक बांधलेलं. त्या प्लास्टिकवर लाल धुळीचा बोटभर थर साचला होता.

"लाव," बाई म्हणाल्या.

"मी शपथ घेतली आहे. तुह्या घरच्या लाईनीले—"

"घरची नोहे ते. मीटर वेगळं आहे. मांगच्या दिवाळीतच बसवून घेतलं. तू आला का प्लास्टिकावर माहं लुगडं वाळू घालो. तू इचारशीन मंग दाखवीन म्हटलं. तू कायले इचारतं!"

भाऊंनी प्लास्टिक सोडलं. पिन दोनदा चुकली. गाडीचा हिरवा दिवा लागला, तसे ते गाडीकडे तोंड करूनच उभे राहिले.

"किती वेळ लागन?" बाईंनी विचारलं.

"सकाळ होते."

"होऊ दे. भात टाकतो," म्हणत बाई आत गेल्या. मी बसनं परत आलो. मला भरून आलं होतं, आणि खिडकीजवळची सीटही मिळाली होती.

हल्ली फुल्लवरचा आकडा दोनशेच्या खाली आला असावा. असावा म्हणतो, कारण भाऊ सांगत नाहीत. आलापल्लीला जायच्या दिवशी सकाळी ते गल्लीतल्या बायकांना बाजारात सोडतात, पोरांना नदीवर फिरवून आणतात, आणि कोणाचेही किलोमीटर मोजत नाहीत. मागच्या रविवारी मला आष्टीला जायचं होतं, म्हणून मी त्यांच्यासोबत निघालो. काचा बंद, एसी असा, की माझे दात वाजायला लागले. समोर ट्रक आला, तर भाऊंनी झपकन ओव्हरटेक केलं.

मी घाबरून गाडीच्या पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. "भाऊ, बॅटरी उतरून राह्यली!"

"उतरू द्या, सर," भाऊ म्हणाले. "रिकामी नेली का भरायले रात्रभर लागते."