फाटकापाशी नवरी

बोर्गहिल्ड आणि आर्डेल यांच्या लग्नाच्या एकमेव फोटोत आर्डेल एकटेच उभे आहेत. बावळट फोटोग्राफरनं उजेड जास्त घेतला आणि पांढऱ्या झग्यातली नवरी पांढऱ्या बर्फात विरघळली, असं त्या घरात साठ वर्षं सांगितलं जाई. म्हणून लग्नाच्या साठाव्या वाढदिवशी जावई वर्लिन यांनी शेताच्या त्याच फाटकापाशी नवा फोटो काढायचं कबूल केलं. ते गावच्या कॅमेरा क्लबचे चिटणीस होते.

तापमान शून्याखाली वीस अंश होतं. मिनेसोटातल्या फेब्रुवारीच्या मानानं बरं होतं. सासूबाईंनी कोट उतरवला. आत तोच झगा होता.

वर्लिननी पहिला फोटो काढला आणि तो न बघता त्याखालचा हिस्टोग्राम बघितला.

"डोंगर सगळा उजवीकडे गेलाय."

"कुठला डोंगर?" सासऱ्यांनी सपाट शेतावरून नजर फिरवली.

"या आलेखातला. उजवीकडे पांढरं, डावीकडे काळं. डोंगर मध्ये यायला पाहिजे, क्लबात तसंच शिकवतात."

"पण माझं तोंड दिसतंय ना, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"ते नंतर बघू, आई."

उजेड कमी केला, तर बर्फ फरशी पुसायच्या फडक्यासारखा दिसू लागला. मग वर्लिननी शास्त्रीय मार्ग धरला. काळं कमी पडतंय ना, मग काळं आणायचं. शेजाऱ्यांचा काळा लॅब्राडोर आला. डोंगर जरासा हलला. काळा ओव्हरकोट घातलेले पाद्रीबुवा जेवणावरून उठून आले, हातात काटा तसाच. कुत्र्याचं सगळं लक्ष काट्याकडे. शेवटी ट्रॅक्टरचं जुनं चाक गडगडत आणलं.

"हं, आता कुणी हलू नका," आलेखावरची नजर न काढता वर्लिन म्हणाले.

डोंगर बरोब्बर मधोमध आला. वर्लिननी तो बायकोला दाखवला. मार्लिसनं डोंगर सोडून फोटो पाहिला.

"आई कुठाय यात?"

आई स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी पीत होत्या. सगळे आत गेले. वर्लिनचा चेहरा बघून सासूबाईंना राहवेना.

"मनाला लावून घेऊ नका हो. तेव्हाही मी आतच आले होते. थंडी काय कमी होती? त्या बिचाऱ्या फोटोग्राफरला साठ वर्षं उगाच नावं ठेवली. यांनाही कधी सांगितलं नाही मी."

आर्डेलनी बुटांवरचा बर्फ झटकला आणि आपला कप पुढे केला.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "शेजारी मीच उभा होतो."