सुमनवहिनींचा ‘मी’

आमच्या सुमनवहिनींना स्कूटर चालवता येत नाही. तरीही विजय नगरच्या चौकात त्या स्कूटरसकट एका वरातीत घुसल्या होत्या, हे जुन्या इंदूरमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

घुसले होते मी.

मी ती हकिकत घरी सांगितली तेव्हा सगळे एवढंच म्हणाले, “लागलं नाही ना?” दिवाळीच्या फराळाला माझ्या या थोरल्या जाऊबाईंनी तीच सांगितली, थेट ‘मी’ लावून. “मी ब्रेक दाबतेय, आणि बँडवाल्याला वाटलं मी नाचायलाच आलेय! तर मी काय करू, बोला!” वरातीत घोडी नव्हती, वहिनींनी घातली. तिला पिशवीतली कोथिंबीरही खायला घातली. सगळ्यांत जास्त हसत होता माझा नवरा. त्या दिवशी माझ्या मागे तोच बसला होता!

मी कॉलेजात कथा शिकवते. निवेदक कोण, कुठून बोलतोय, यावर तासच्या तास घेते. मुलं जांभया देतात. मग माझा जळफळाट होणार नाही तर काय?

सासऱ्यांची दाढ, शेजारणीची चोरीला गेलेली चप्पल, सगळं वहिनींच्या तोंडी ‘माझी’ होतं. शेवटी मी म्हणालेच, “वहिनी, ते वरातीचं माझ्याबाबतीत घडलं होतं.”

“हां तो? तू सांगत होतीस तेव्हा घडल्यासारखं वाटतच नव्हतं गं.”

परवा आम्ही दोघीच भुट्ट्याच्या किसासाठी मक्याची कणसं किसत होतो. मी खोचकपणे म्हटलं, “आज तुमची स्वतःची सांगा ना एखादी. खरीखुरी.”

त्यांचा हात थांबला.

“एक बाई होती,” त्या म्हणाल्या.

मी चमकले. वहिनींच्या गोष्टीत दुसरी बाई कधी येतच नाही.

“तिला मुलगी झाली. दोनच दिवस जगली. दवाखान्यातून रिक्षाने घरी येताना बाई मांडीवर दुपट्याची घडी करत होती. रिक्षावाल्याने विचारलं, बेटा हुआ के बेटी?”

“मग?”

“बाई म्हणाली, बेटी. तो बोलला, तो मिठाई खिलाओ. बाईने रिक्षा थांबवून त्याला पेढे घेऊन दिले.”

त्या पुन्हा किसायला लागल्या. वहिनींना मूल नाही, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं या घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

मग मी सरकून त्यांच्याजवळ बसले. “काल आमच्या कॉलेजच्या लिफ्टमध्ये गंमतच झाली, वहिनी,” म्हणत एक हकिकत सुरू केली, आणि मुद्दामच अगदी रटाळ सांगितली.

त्यांनी पदराने नाक पुसलं.

“ऐसे नाही सांगायचं गं,” त्या म्हणाल्या. “आण इकडे.”