मास्तरीणबाईंचं अंगुस्तान

"उभी हयात मशीनवर गेली, पण सुईची काय बिशाद माझं बोट टोचायची!"

हे वाक्य मास्तरीणबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. छातीचं माप आणि कमरेचं माप यांच्या मध्ये ते यायचंच! मास्तरीण त्या शिवणकामातल्या; शाळेचं तोंड त्यांनी दोन इयत्तांपुरतंच पाहिलं होतं, पण त्यांच्या हातात कातर आली की भल्याभल्यांचे कोट अंग चोरून उभे राहत. सुनेला बटण लावताना सुई टोचली तर मग काय विचारता!

"सूनबाई, शर्टाला शिवायचंय! स्वतःला नाही!"

आणि एके दिवशी जाड पडद्याची दुहेरी शिवण घालताना मशीनची सुई मास्तरीणबाईंच्याच डाव्या तर्जनीत शिरली. नखातून आत आणि खालून बाहेर!

मास्तरीणबाईंनी हूं की चूं केलं नाही. केलं असतं तर शेजारी बसलेल्या सुनेला कळलं असतं ना! गुपचूप चाक उलटं फिरवलं, सुई वर काढली, बोटाला चिंधी गुंडाळली आणि त्यावर अंगुस्तान चढवलं. अंगुस्तान म्हणजे सुई रेटायला शिंपी बोटात घालतात ती धातूची टोपी. शिंप्याच्या बोटात ती दिसली तर कुणाच्या डोळ्यावर येणार?

सुनेच्या आली.

"आई, अंगुस्तान उजव्या हातात घालतात ना?"

"तुझ्या माहेरी घालत असतील!"

विषय संपला. पण बोट काही संपेना. ते अंगुस्तानाच्या आत ठणकू लागलं, फुगू लागलं. त्यात मास्तरीणबाईंना उतारवयात साखरेचा आजार जडलेला. अशा माणसाचं साधं खरचटलेलंही लवकर भरत नाही, तिथे हे तर बोगदा पाडलेलं बोट!

नेमकी त्याच आठवड्यात त्यांची रक्ततपासणी होती. डॉक्टरांनी या खेपेला एक चाचणी वाढवली होती. "हिला सीआरपी म्हणतात," ते मुलाला म्हणाले. "अंगात कुठे सूज असेल तर रक्तात हा आकडा चढतो. साखर असणाऱ्यांत तो सतत चढलेला राहिला तर हृदयाची काळजी घ्यावी लागते."

रिपोर्ट आला. साखर थोडी वर होती, पण सीआरपी पतंगासारखा आभाळात!

"कुठे जखम? दाढ दुखतेय? ताप, खोकला?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तरीणबाईंनी डावा हात हळूच पिशवीखाली सरकवला. "छे! ठणठणीत आहे मी!"

"मग हृदयाची तपासणी करायलाच हवी."

झालं! घरी येताच मुलाने कातर कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. "आई, आजपासून मशीन बंद. दुकानात बसायचं नाही, गिऱ्हाइकांशी भांडायचं नाही."

"भांडायचं नाही तर मग बोलू काय त्यांच्याशी?"

मास्तरीणबाई आतल्या खोलीत पलंगावर बसल्या. बाहेर सून एकटीच काम रेटत होती. मशीनचा आवाज ऐकूनच यांना कळत होतं, की कॉलर वाकडी चाललीय! पण बोलायची बंदी. शेजारीण भेटायला आली. आवाज असा हळू, की जणू पलंगावर यांचा फोटोच ठेवलाय!

"कशा आहात? नाही म्हणजे, पुढेमागे मशीन विकायला काढायची झाली तर आमच्या कानावर घाला हं."

मास्तरीणबाईंनी उशी उचलून पलंगावर आपटली. मशीन काढायची? 'सुई लागली' हे दोन शब्द बोलल्या असत्या तर कातर परत मिळत होती. पण मग सुनेसमोर तोंड कसं दाखवायचं? त्यांनी ओठांना टाके घातले.

तपासणीच्या दिवशी मुलगा आणि सून दोघंही बरोबर आले. छातीला तारा लावणारी नर्स म्हणाली, "अंगावरचं धातूचं सगळं काढा."

चष्मा निघाला, बांगड्या निघाल्या.

"आणि ते बोटातलं?"

"ते निघत नाही. जन्मजात आहे!"

नर्सने ओढून पाहिलं. अंगुस्तान हलेना! मग साबण आला. मुलाने आईला मागून धरलं, नर्सने पाय रोवले आणि दिला हिसका! अंगुस्तान सुटलं, भिंतीवर आपटलं आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या डॉक्टरांच्या चहात जाऊन पडलं.

सगळे बोटाकडे बघत राहिले. बोट कसलं, पिकलेलं वांगं!

"हे काय?" डॉक्टर ओरडले.

"बोट."

"ते दिसतंय मला! जखम आहे का, विचारलं होतं ना मी?"

"जखमा लढाईत होतात!" मास्तरीणबाई कडाडल्या. "हे नुसतं सुईने टोचलंय!"

बोलून गेल्या आणि जीभ चावली. सुनेचे डोळे बशीएवढे झाले.

"अहो, बोट कापायची पाळी आली असती!" डॉक्टर म्हणाले. "कुठेतरी सूज आहे, एवढंच रक्त सांगतं. कुठे आहे ते तुम्ही सांगायचं!"

पू काढला, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. हृदयाच्या तपासणीत काही वावगं निघालं नाही. बोट बरं झाल्यावर रक्त पुन्हा तपासलं, तर सीआरपी मुकाट्याने खाली उतरलेला. "अगदी तळाला नाही अजून," डॉक्टर म्हणाले. "साखर सांभाळा, रोज चाला. हृदयाला बरं."

मुलाने कातर परत दिली, पण एका अटीवर. रोज सकाळी सून त्यांची दहाही बोटं आणि दोन्ही तळपाय तपासणार! मास्तरीणबाई शाळेतल्या पोरीसारखे हात पुढे करतात. तोंड मात्र वाकडं.

परवा एक नवं गिऱ्हाईक आलं. माप घेता घेता मास्तरीणबाईंची गाडी रुळावर आली. "उभी हयात मशीनवर गेली, पण सुईने कधी मला टोचलं नाही!"

काजं करता करता, मान वर न करता सून म्हणाली, "खरंय. आरपार गेली."

मास्तरीणबाईंनी टेप गळ्यात अडकवला आणि त्या गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाल्या, "पाहिलंत? माझी सून मला कधी खोटं पाडत नाही!"